विग घेताय? आधी उलटा करून बघा (खान्देशातल्या उन्हात टिकेल अशी कॅप कशी निवडायची)

विग हातात आला की पहिलं काम, तो उलटा करायचा. केस खाली लोंबू द्या आणि आतली जाळी, पट्ट्या, इलॅस्टिक, शिलाई सगळं उजेडात धरून बघा. केस कसे दिसतात ते दुकानदार दहा वेळा दाखवणारच आहे, पण दिवसभर डोक्याला जे टेकणार ते आतलं, म्हणजे केस ज्यावर बसवलेले असतात ती कॅप, आणि ती कोणी आपणहून दाखवत नाही. मी जळगावला पार्लरमध्ये विग बसवून देते, बऱ्याच जणी येतात त्या ऑनलाइन मागवलेला विग पिशवीत घेऊनच येतात, कारण घरी दोनदा घातला आणि मग कपाटात गेला. विचारलं तर तक्रार केसांची नसते, कॅपची असते. अमळनेरकडच्या एक मावशी आल्या होत्या, टोप काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हाई टोप माले चावस वं माय." उलटा केला तर मानेकडच्या वेलक्रोची खरबरीत बाजू अर्धी बाहेर आलेली आणि थेट कातडीला घासत होती, कानामागे लाल वळ. केस मात्र एकदम भारी होते.

हे सगळं पहिल्यांदा विग घेणाऱ्यांसाठी लिहितेय, मग कीमोमुळे केस गेलेत, चाई लागलीय, भांग रुंद होत चाललाय किंवा नुसती हौस आहे, काहीही असो. फक्त एक, केस का गळताहेत तेच माहीत नसेल तर आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, विग नंतर. थायरॉईड किंवा रक्त कमी असल्याने गळणारे केस औषधाने परत येऊ शकतात, ते विगखाली झाकून बसण्यात काय अर्थ.

१) आधी आपलं डोकं आणि आपला दिवस

दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःला द्या. डोक्यावर स्वतःचे केस किती आहेत, आणि विग घालून दिवसभर काय करणार आहात.

पहिला प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की केस असले तर क्लिपा, कंगवे, पिना यांना धरायला काहीतरी असतं आणि टाळू आणि कॅप यांच्यामध्ये एक गादी असते. पूर्ण टक्कल असेल तर प्रत्येक शिवण, प्रत्येक गाठ टोचते आणि धरायला काहीच नसतं, म्हणून कॅप मऊ पण हवी आणि स्वतःहून पकडणारी पण हवी. कीमो चालू होणार असेल तर केस साधारण पहिल्या डोसनंतर दोन ते चार आठवड्यात गळायला लागतात, त्यामुळे विग आधीच बघून ठेवला तर आपल्या केसांचा रंग जुळवता येतो, पण कॅप मात्र केस गेल्यानंतरच्या डोक्याचा विचार करून घ्यायची. म्हणजे मऊ आतली बाजू आणि मागे घट्ट करता येईल अशी पट्टी असलेली, कारण केस गेले की माप थोडं कमी भरतं.

दुसरा प्रश्न दिवसाचा. बँकेत एसीत बसणारी, स्कूटीवर स्टोल बांधून एमआयडीसीत जाणारी, आणि गावात डोक्यावर पदर घेऊन चुलीपुढे बसणारी, या तिघींना एकच कॅप सांगणारा दुकानदार असेल तर उठून या तिथून. पदर घेणारीच्या कपाळाची रेषा अर्धी झाकलेलीच असते, तिने लेस फ्रंटवर (कपाळाच्या कडेला लेसची बारीक जाळी असलेल्या कॅपवर) पैसे कशाला घालायचे? तेच पैसे तिने आतल्या मऊपणावर आणि पकडीवर घालावेत. उलट केस मागे ओढून बांधायची सवय असणारीला कपाळाकडची लेस लागणारच, तिथे काटकसर केली तर केस मागे घेतल्याबरोबर शिवण दिसते.

२) माप घ्या, अंदाज नको

शिलाईची टेप घ्या. केस असतील तर आधी दोन सपाट वेण्या घालून डोक्याला चापून बसवा, कारण विग तसाच घालणार आहात, मोकळ्या केसांवर माप घेतलं तर चुकतं. मग टेप कपाळावर केस उगवतात त्या रेषेवरून, कानांच्या वरून, मागे मानेच्या खळगीवरून परत कपाळापर्यंत फिरवा. टेप डोक्याला टेकलेली पाहिजे, दाबलेली नको. बऱ्याच बायकांचं हे माप साडेएकवीस ते साडेबावीस इंचात येतं, त्याला कंपन्या अ‍ॅव्हरेज म्हणतात. एकवीस किंवा त्याहून कमी असेल तर पेटीट बघा, तेवीस आणि पुढे असेल तर लार्ज. कंपनीप्रमाणे पाव-अर्धा इंच इकडेतिकडे होतं म्हणून ऑनलाइन घेताना साईजचं नाव नको, त्यांचा इंचातला तक्ता बघा.

अजून दोन मापं, कपाळापासून टाळूवरून मानेच्या खळगीपर्यंत आणि एका कानाच्या वरून दुसऱ्या कानाच्या वरपर्यंत. घेर बरोबर आणि मागची लांबी कमी, अशी डोकी असतात, मग विग सारखा वर सरकतो आणि बाई म्हणते साईज तर बरोबर घेतली होती.

मानेकडच्या पट्ट्यांनी माप थोडंसंच कमीजास्त होतं, फार फार तर अर्धा इंच धरा. मोठी कॅप पट्टीने आवळून लहान करायला गेलात तर मागे चुण्या पडतात आणि त्या चुण्या चावतात. लहान कॅप तर काही करून मोठी होत नाही.

३) कॅपचे प्रकार, आतून बघून ओळखायचे

सगळ्यात साधी ती वेफ्टवाली ओपन कॅप. उलटी केली की इलॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या दिसतात आणि त्यावर केसांच्या शिवलेल्या आडव्या लड्या, मधे मोकळी जागा. मशीनवर शिवलेली असते म्हणून स्वस्त, आणि त्या मोकळ्या जागांतून हवा खेळते म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात मला अजूनही हीच आवडते. लोक हिला हलकी समजतात, स्वस्त म्हणजे खराब असं, पण ज्यांना स्वतःचे थोडे तरी केस आहेत त्यांनी रोजच्यासाठी हिच्या पलीकडे जायची फारशी गरज नाही असं माझं मत आहे. तोटे दोन. भांग पाडायला जागा नसते, भांग जिथे कंपनीने दिला तिथेच. आणि टक्कल असेल तर त्या शिवणी टोचतात, मग आत सुती लायनर, म्हणजे विगखालची पातळ टोपी, घालावं लागतं. टाळूच्या भागात मुळाशी बारीक कुरळे, गुंतल्यासारखे आखूड केस दिसतील, ते मुद्दाम दिलेले असतात, खालच्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून. नवीन बायका तो गुंता समजून कंगव्याने सोडवत बसतात आणि मग म्हणतात विगमधून जाळी दिसते.

मोनो. टाळूवर किंवा फक्त भांगेच्या पट्टीत एक अगदी पातळ पारदर्शक जाळी, त्यात एकेक केस हाताने गाठ मारून बसवलेला. वरून बघितलं की जाळीतून तुमचीच कातडी दिसते, म्हणून भांग खरा वाटतो आणि पाहिजे तिकडे पाडता येतो. वयस्कर बायकांना ज्यांचा भांगच रुंद झालाय, त्यांना पूर्ण विग नको, नुसता मोनोचा टॉपर, म्हणजे टाळूपुरताच बसणारा छोटा विग, पुरतो बऱ्याचदा, ते आधी विचारून बघा. सिंगल मोनोची जाळी जरा कडक असते, नुसत्या टाळूला खाज येते, म्हणून केस नसतील तर डबल मोनो बघा, आत एक मऊ थर दिलेला असतो. डबलमध्ये गरम थोडं जास्त होतं हेही लक्षात घ्या. आणि मोनो म्हटलं तरी नुसती टाळू मोनो असते, मागची बाजू तीच वेफ्टची असू शकते, दुकानदार मोनो मोनो करतो पण तुम्ही उलटा करून बघा कुठपर्यंत आहे.

लेस फ्रंट म्हणजे कपाळाच्या कडेला लेसची पट्टी, त्यात केस गाठलेले, त्यामुळे केस कपाळातूनच उगवल्यासारखे दिसतात. फोटोत सगळ्यात भारी हीच दिसते आणि सगळ्यात नाजूक पण हीच. स्विस लेस पातळ, पटकन फाटते, फ्रेंच लेस जरा जाड पण टिकते, नवशिक्यांनी टिकणारीच घ्यावी. काही लेस कापून आलेल्या असतात, काहींना पुढे दोन बोटं जास्तीची लेस असते ती आपण कापायची. कापताना एका सरळ रेषेत कापू नका, बारीक नागमोडी कापा, आणि केसांच्या अगदी मुळाशी जाऊ नका, थोडी लेस राहू द्या नाहीतर पुढचे केस निघायला लागतात. पहिल्यांदा असेल तर पार्लरमधून कापून घ्या, एकदा कापलं की परत येत नाही आणि दुकानदार पण परत घेत नाही.

फुल लेस म्हणजे सगळीकडेच लेस. उंच पोनी बांधता येते, पण चिकटवल्याशिवाय नीट बसत नाही म्हणून नवशिक्यांना मी सांगतच नाही. ३६० लेसमध्ये लेस फक्त चारी बाजूंच्या कडेला असते, मधे वेफ्ट.

हॅन्ड टाइड ही पूर्ण टक्कल असणाऱ्यांसाठी आणि कीमोवाल्यांसाठी खरी कॅप. सगळा विगच हाताने गाठलेला, कुठेही जाड शिवण नाही, मऊ आणि ताणली जाते, डोक्याच्या आकारात बसते. महाग असते, लपवत नाही, कारण सगळं हातकाम आहे. पैसे कमी असतील तर मधला मार्ग म्हणजे टाळू डबल मोनो आणि मागे वेफ्ट, आत सुती लायनर.

सिल्क बेसमध्ये गाठी दोन थरांच्या मधे लपवलेल्या असतात, भांग फारच खरा दिसतो, पण टाळूचा तो भाग जाड होतो आणि घामाने भिजतो. आपल्याकडे हिवाळ्यातल्या लग्नाला ठीक.

केस मानवी की सिंथेटिक हा वेगळा विषय, पण कॅपशी त्याचा एक संबंध आहे तो म्हणजे वजन. लांब आणि दाट विग, विशेषतः खऱ्या केसांचा, मागे ओढतो. डेन्सिटी, म्हणजे केसांचा दाटपणा, शंभर-एकशे वीस टक्के असेल तर नैसर्गिक वाटते, दीडशे-एकशे ऐंशी फोटोला छान पण कमरेपर्यंतच्या लांबीत घेतलीत तर संध्याकाळी कपाळ दुखणार आणि विग मागे घसरलेला असणार. पहिला विग खांद्यापर्यंतचाच घ्या, माझं ऐका.

४) पकड

इथे जरा थांबते, कारण सगळ्यांची भीती हीच असते की चारचौघात निघाला तर?

नीट मापाची कॅप असेल तर निम्मं काम तिथेच झालं. बाकीच्यासाठी सगळ्यात बिनधास्त उपाय म्हणजे विग ग्रिप, वेलवेटची पट्टी. कपाळावरून मागे नेऊन वेलक्रोने बांधायची, वरून विग. वेलवेटची लव खालून कातडीला आणि वरून कॅपला धरते. गोंद नाही, क्लिप नाही, घाम पण थोडा शोषते. केस असोत नसोत चालते. फार घट्ट बांधायची नाही, एक बोट आत गेलं पाहिजे, नाहीतर दुपारपर्यंत डोकं ठणकतं आणि बदनाम विग होतो.

अगदी गुळगुळीत टक्कल असेल तर सिलिकॉनची बँड जास्त चांगली धरते, पण तिच्यात हवा जात नाही, मे महिन्यात तिच्याखाली घामोळं येतं. काही कॅपांना आतूनच कानाजवळ आणि मानेकडे सिलिकॉन किंवा पीयूचे (पातळ प्लास्टिकसारख्या पॉलीयुरेथेनचे) तुकडे दिलेले असतात, ते बरे, जागा कमी व्यापतात. आणि इथे आपल्या बायकांना एक सांगायचंय, डोक्याला खोबरेल चोपडून वरून विग घालू नका. तेलावर सिलिकॉन सरकतं, विग चिकटवायची टेप सुटते, वेलवेट चिकट होऊन जातं आणि लेसच्या गाठी सैल पडतात. तेल रात्री लावा, सकाळी धुवा, डोकं पूर्ण कोरडं झालं की मग विग. ओल्या केसांवर पण नको, आत कोंडतं, वास येतो, खाज सुटते.

क्लिपा आणि आतले कंगवे फक्त ज्यांचे केस मजबूत आहेत त्यांनी वापरावेत. ओढून ओढून कडेचे केस गेले असतील किंवा चाईचे चट्टे असतील तिथे क्लिप लावली तर राहिलेले पण जातात. कीमो चालू असताना क्लिप कापून टाका, कंपनीने शिवून दिल्या असल्या तरी दोन टाके उसवले की निघतात.

टेप आणि गोंद. कार्यक्रमापुरती टेप ठीक आहे, रोज नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा चिकटवून एक दिवस ठेवून बघा, लाल झालं, खाज आली तर विषय संपला. कीमो किंवा रेडिएशन चालू असेल तर टेप-गोंद डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही, कातडी तेव्हा नाजूक झालेली असते. काढताना ओढू नका, रिमूव्हर किंवा तेलाचा बोळा लावून थांबा, मग हळू सोडवा.

५) घालून बघताना

पुढून घाला, मागे ओढा. कानापाशी दोन जिभल्यासारख्या पट्ट्या असतात त्या दोन्ही कानांच्या पुढे, सारख्या उंचीवर आल्या पाहिजेत, आरशात बोट लावून बघा. त्यात बहुतेक वेळा बारीक तार असते, ती हलकेच आत वाकवली की पट्टी कानशिलाला टेकते, ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि मग बायका म्हणतात बाजूने फट दिसते. पुढची कड तुमच्या मूळ केसांच्या रेषेवर पाहिजे, कपाळावर खाली नको. सगळ्या नवीन बायका खालीच घालतात, निघेल या भीतीने, आणि त्यानेच तो विग आहे हे ओळखू येतं.

मग हलवा. मान नाही नाही म्हणून जोरात, हो हो म्हणून, खाली वाकून चपलेचा बंद लावल्यासारखं करा. भुवया वर करा, कॅप सोबत वर जात असेल तर पुढून घट्ट आहे किंवा खाली बसलीय. जबडा हलवा, सुपारी चघळल्यासारखा, कानशिलं फुगतात-दबतात त्याने सैल कॅप हळूहळू सरकते, आणि जेवणाच्या पंगतीत तेच होतं. मागे सरकून वर चढत असेल तर कॅप लहान आहे. कानांवर येऊन मागे गोळा होत असेल तर मोठी आहे.

निदान अर्धा तास घालून बसा. दुकानात खुर्ची द्या म्हणा, चहा पाजा म्हणा. काढल्यावर कपाळ, कानामागचा भाग, मान बघा. फिकट खूण लगेच जाते, ती चालते. लाल वळ दहा-पंधरा मिनिटांनी पण तसाच असेल तर ती कॅप नको. ऑनलाइन घेणार असाल तर विकणाऱ्याकडे उलट्या विगचा फोटो मागा, देत नसेल तर सोडा, आणि टॅग काढायच्या आधीच ही ट्रायल करा, घातलेला विग स्वच्छतेच्या कारणाने बरेच जण परत घेत नाहीत.

६) आपला उन्हाळा

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, हे विग बनवणाऱ्याला माहीत नसतं. त्यामुळे इंटरनेटवर जे परदेशातले सल्ले असतात ते आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. नायलॉनच्या स्टॉकिंगसारख्या लायनर टोप्या फुकट येतात विगसोबत, त्या हिवाळ्यात घाला. मार्च ते जून पातळ सुती किंवा बांबूच्या कापडाची, आणि दोन पिशवीत ठेवा, दुपारी ओली झाली की बदलायची. परवडत असेल तर उन्हाळ्याचा विग वेगळा, ओपन कॅप, आखूड बॉब, मान मोकळी.

स्कूटीवर स्टोल बांधता तेव्हा विगवर सॅटिनचा पातळ रुमाल आधी घ्या मग स्टोल, सुती स्टोल थेट लेसवर घासला तर कडेचे केस तुटतात. हेल्मेट मात्र विगवर नकोच म्हणते मी, काढताना सोबत येतं सगळं. हेल्मेटखाली सुती टोपी घालून जा, विग डब्यात न्या आणि ऑफिसच्या वॉशरूममध्ये चढवा. जमत नसेल तर आखूड केसांचा विग आणि वेलवेटची ग्रिप, आणि हेल्मेट पुढून मागे असं हळू काढायचं. पण तो डबा स्कूटीच्या डिकीत उन्हात सोडू नका, बंद गाडीतही नाही, आत एवढं तापतं की इलॅस्टिक मरतं आणि सिंथेटिक केस खाली कुरळतात.

आगीचं तर सांगायलाच नको. सिंथेटिक केस वाफेने आणि झळेने एका सेकंदात झुपक्यासारखे आखडतात आणि परत सरळ होत नाहीत. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते, काड्या पेटवून वांगी भाजायची, तेव्हा वांगी उलटायला वाकायचं नाही, ते काम दुसऱ्याला द्या. खापरावर मांडे करताना पण तेच. घरी स्वयंपाक करताना विग काढून ओढणी बांधा, तेवढाच टाळूला आराम.

घाम जास्त म्हणून धुणं पण जास्त. सहा-आठ वेळा घातल्यावर धुवा असं सांगतात, आपल्या उन्हाळ्यात त्याच्या आधीच कॅपची आतली कड कडक होते, हात लावून बघा, मीठ साचल्यासारखी लागली की धुवायचा. गार पाणी, थोडा शाम्पू, आतल्या पट्ट्या बोटांनी हळू चोळा, पिळू नका. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या, नाहीतर लेसवर पांढरा थर बसतो आणि भांगेत कोंडा असल्यासारखं दिसतं. वाळवताना उलट्या पातेल्यावर ताणून ठेवतात बायका, आकार राहावा म्हणून, पण ओली कॅप ताणली की सैल पडते. टॉवेलमध्ये टिपून सावलीत, पंख्याखाली, सैल ठेवायचा.

७) लग्न, कानबाई, गजरा

लग्नात गजरा विगला लावायचा तर पिन वेफ्टच्या शिवणीत खोचा, मागच्या बाजूला. मोनोत किंवा लेसमध्ये पिन गेली की भोक पडलंच, आणि ते भोक वाढतं. जड वेणी विगला मागे ओढते म्हणून हलका गजरा, आणि त्या दिवशी ग्रिपसोबत पुढे टेपचे दोन छोटे तुकडे. नवरीलाच विग असेल तर मुंडावळ्यांचा फायदा घ्या, कपाळावरची दोरी बरोबर लेसच्या कडेवर बसवली की रेषा झाकली जाते आणि पकड पण येते, फक्त मागची गाठ फार ओढून बांधू देऊ नका, करवल्या जोर लावतात. भांगात कुंकू भरायचं असेल तर ओलं नको, मोनोच्या जाळीतला लाल डाग निघत नाही, कोरडं कुंकू ब्रशने अगदी थोडं.

श्रावणात आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाला फुगड्या, नाच, आणि विसर्जनाला डोक्यावर कानबाई घेऊन चालणं. फुगडी म्हणजे विगची खरी परीक्षा, गरगर फिरताना मान मागे टाकलेली असते आणि लांब केसांचा सगळा भार बाहेर ओढतो. त्या दिवशी केस अंबाड्यात बांधून टाका, ओढ निम्मी होते, आत वेलवेट ग्रिप. डोक्यावर काही घ्यायचं असेल तर आधी मऊ कापडाची चुंबळ ठेवा नाहीतर मोनोची टाळू दबते. माझ्याकडच्या एकीने मागच्या वर्षी अंबाडा, ग्रिप आणि वरून पदर दोन्ही खांद्यांवर पिनअप करून रात्रभर फुगड्या घातल्या, पदर दोनदा सुटला, विग नाही.

पुरुष मंडळींसाठी थोडंसं

पॅच (टकलापुरता लावायचा छोटा विग) घेणाऱ्यांना पण हेच, बेस म्हणजे त्याची आतली बाजू उलटी करून बघा. लेसचा बेस हवा देतो पण नाजूक, पीयूचा बेस पुसायला सोपा आणि टेप चांगली धरतो पण खाली घाम कोंडतो, म्हणून आपल्याकडे मधे मोनो किंवा लेस आणि कडेला पीयू हा प्रकार बरा पडतो. बाजूचे केस शाबूत असतील तर क्लिपवाला घ्या, रोज रात्री काढता येतो. महिनाभर चिकटवून ठेवायचं बाँडिंग उन्हाळ्यात करायचं असेल तर मधे मधे काढून टाळू धुवून घ्यायची तयारी ठेवा.

बिघडलं तर

इलॅस्टिक सैल पडलं, वेलक्रो झिजला, वेफ्टची शिवण एखाद्या बोटभर उसवली, एवढं काम गल्लीतला ब्लाऊजवाला टेलर पण करतो, फक्त मशीनवर नाही तर हाताने शिवायला सांगा आणि जवळ उभं राहा. वेलक्रोच्या जागी छोटे हूक लावून घेतले तर अजून चांगलं, वेलक्रोत केस अडकतात. शिवताना सुई शिवणीतूनच गेली पाहिजे. लेस फाटली असेल तर टेलरकडे नेऊ नका, ती विगवाल्याकडेच दुरुस्त होते. बारीक फाट असेल तर तोपर्यंत तिथले केस थोडे पुढे घ्या, फाटलेल्या कडेला टेप लावू नका, आणि ते दुरुस्त होईपर्यंत पदराच्या दिवशीच घाला.